आधी वाफसा, मग पेरणी : मेंदूच्या चुंबकीय उपचाराकडे कसे पाहावे?

खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताचा अंगठा एकाएकी उडतो. त्याने तो हलवलेला नसतो. डोक्याच्या डाव्या बाजूला, केसांवरच टेकवलेल्या इंग्रजी आठच्या आकाराच्या वेटोळ्यातून 'टक्' असा आवाज येतो आणि त्याच क्षणी अंगठा हलतो. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. वेटोळे थोडे बाजूला सरकवले की अंगठा शांत होतो आणि दुसरेच बोट हलते. आणखी सरकवले की काहीच हलत नाही. डोक्याच्या आत हाताचा नकाशा नेमका कुठे आहे, हे कवटीला हात न लावता असे शोधता येते.

या यंत्राचे नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस. इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ते प्रथम दाखवले. त्यामागचे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये सांगितलेलेच आहे : चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. इथे तो वाहक म्हणजे मेंदूचा वरचा, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचा थर.

छत्रपती संभाजीनगरात लकव्याच्या रुग्णाला घेऊन घाटी रुग्णालयात किंवा सिडकोतल्या दवाखान्यात चकरा मारणाऱ्या कुटुंबाला कधी ना कधी मुंबई-पुण्याचा एखादा पाहुणा सांगतो, "तिकडे डोक्याला मशीन लावतात, हात चालू होतो." मग प्रश्नांची रांग लागते. हे खरे आहे का? सगळ्यांना चालते का? शेत गहाण टाकून जावे का? या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत सापडत नाहीत. ती मेंदू नवे कसे शिकतो यात सापडतात.

मेंदू बदलतो म्हणजे काय होते?

पैठणच्या मागावर पैठणी विणणाऱ्या बाईचा हात पाहावा. धागा उचलताना ती बोटांकडे पाहतही नाही. तिच्या मेंदूतल्या पेशींमधल्या जोडण्या वर्षानुवर्षांच्या सवयीने पक्क्या झालेल्या असतात. एकत्र काम करणाऱ्या पेशींची जोडणी घट्ट होत जाते, ही कल्पना डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडली. वारंवार उत्तेजन मिळालेली जोडणी बराच काळ बळकट राहते, हे टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशांच्या मेंदूत दाखवले. या क्षमतेलाच मेंदूची लवचिकता म्हणतात.

माणसात ती पाहायची कशी, हा मोठा पेच होता. टीएमएसने तो सोडवला. १९९५ मध्ये अल्वारो पास्कुअल-लिऑने यांनी पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक साधा सराव दिला, रोज दोन तास, पाच दिवस. दररोज टीएमएसने त्यांच्या मेंदूतला बोटांचा भाग मोजला. तो रोज वाढत गेला. दुसऱ्या एका गटाने पियानोला हातही लावला नाही, फक्त मनातल्या मनात बोटे चालवली. त्यांचाही नकाशा वाढला. पेटी-तबला शिकवणारे गुरुजी शिष्याला प्रवासातही मनात रियाज करायला सांगतात, त्याला मेंदूत आधार सापडला.

१९९७ मध्ये लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने आणखी विलक्षण गोष्ट दाखवली. लहानपणीच दृष्टी गेलेली माणसे ब्रेल वाचत असताना त्यांच्या डोक्याच्या मागच्या भागावर टीएमएस दिले. मेंदूचा हा भाग डोळसांमध्ये पाहण्याचे काम करतो. यांची मात्र ब्रेल वाचताना चूक होऊ लागली. म्हणजे डोळ्यांसाठी असलेली जागा बोटांच्या कामाला लागली होती.

यंत्र नेमके काय करते?

एकेक ठोका देऊन मेंदूची तपासणी होते. तेच ठोके ठरावीक लयीत दिले की मेंदूची तयारी बदलते. सेकंदाला एक ठोका, अशी संथ लय बहुधा त्या भागाची उत्तेजितता कमी करते. सेकंदाला पाच-दहा ठोके, ही जलद लय ती वाढवते. २००५ मध्ये लंडनमध्ये यिंग-झू हुआंग आणि जॉन रॉथवेल यांनी 'थीटा बर्स्ट' ही पद्धत मांडली. तिच्या एका प्रकारात सुमारे तीन मिनिटांत ६०० ठोके दिले जातात.

दुसरी पद्धत त्याहून साधी आहे. तिचे नाव टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून १ ते २ मिलिअँपिअर इतका बारीक प्रवाह सोडतात. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मिखाएल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी २००० मध्ये तिचा परिणाम टीएमएसने मोजून दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी नोंदवले की १३ मिनिटांच्या प्रवाहाचा परिणाम प्रवाह बंद झाल्यावरही सुमारे दीड तास टिकतो. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये स्किझोफ्रेनियातील कानात आवाज येण्याच्या त्रासावर टीडीसीएसचा अभ्यास बरीच वर्षे चालू आहे. मुंबईच्या आयआयटीत हालचालींचे नियंत्रण आणि मेंदूउत्तेजना यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे आणि ती मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात लगेच पेरता येत नाही. चिखलात पाय रुततो. फार थांबले तर ढेकळे घट्ट होतात. मधल्या काळात मूठभर माती दाबली की गोळा होतो, पण बोटाने हलकेच फुटतो आणि तळव्याला चिकटत नाही. तो वाफसा. मेंदूउत्तेजनेने येतो तो असा वाफसा. पेरणी करावी लागते ती सरावाने, आणि ती वाफसा असेपर्यंतच. एका बैठकीनंतरचा हा काळ साधारण अर्ध्या तासापासून तास-दीड तासापर्यंतचा असतो. यंत्रावरून उठून रुग्ण रिक्षात बसला आणि घरी जाऊन झोपला, तर पैसा वाफशावर खर्च झाला आणि बी पिशवीतच राहिले.

कोणत्या आजारात किती भरवसा?

सगळ्यात भक्कम पुरावा नैराश्यासाठी आहे. औषधाने बरे न वाटलेल्या प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००८ मध्ये टीएमएसला मान्यता दिली. ओसीडी, म्हणजे मंत्रचळासाठी २०१८ मध्ये दिली. २०१८ मध्येच कॅनडातील ४१४ रुग्णांवरच्या चाचणीत दिसले की तीन मिनिटांचा थीटा बर्स्ट हा ३७ मिनिटांच्या जुन्या पद्धतीइतकाच परिणामकारक आहे. नेहमीचा उपचार आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतो. यात भूल नसते आणि झटका द्यायचा नसतो, त्यामुळे शॉक ट्रीटमेंट आणि टीएमएस यांची गल्लत करू नये. मात्र रुग्ण जीव देण्याची भाषा करत असेल तर टीएमएसची वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

मज्जातंतूंच्या इजेमुळे होणाऱ्या जुनाट वेदनेतही पुरावा चांगला आहे.

लकव्यात चित्र मिश्र आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवे. पक्षाघातानंतर मेंदूची धडधाकट बाजू दुखऱ्या बाजूवर दाब टाकते, असा एक सिद्धांत आहे. म्हणून धडधाकट बाजूवर संथ लयीचे ठोके देऊन तो दाब कमी करायचा. युरोपातील तज्ज्ञांनी २०२० मध्ये पुराव्यांची छाननी केली, तेव्हा आघातानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हाताच्या सुधारणेसाठी या पद्धतीला सर्वात वरची श्रेणी दिली. पण अमेरिकेत १९९ रुग्णांवर झालेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी वेगळे सांगते. ते रुग्ण आघातानंतर तीन महिने ते वर्षभराच्या टप्प्यावर होते. एका गटाला खरी उत्तेजना दिली, दुसऱ्याला तिची नक्कल. दोन्ही गटांत जवळपास दोन तृतीयांश रुग्णांचा हात सुधारला. फरक पडला नाही. दोन्ही गटांना समान मिळाली होती ती एकच गोष्ट : प्रत्येक बैठकीला जोडून हाताचा कसून सराव.

हा निकाल यंत्राला निकम्मे ठरवत नाही. पण यंत्र आणि सराव यांपैकी एकच परवडणार असेल तर कोणता निवडायचा, याचे उत्तर तो देतो. सराव निवडावा.

स्वमग्न मुलांसाठी, मतिमंदत्वासाठी किंवा 'बुद्धी वाढवण्यासाठी' टीएमएस हा प्रस्थापित उपचार नाही. तशी हमी देणाऱ्याच्या दारातून पालकांनी परत फिरावे.

उपचाराआधी तपासणी म्हणून उपयोग

टीएमएसचा एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. न्यूझीलंडच्या कॅथी स्टिनियर यांच्या गटाने २०१७ मध्ये एक साधी पायरीपद्धत मांडली. पक्षाघातानंतर तीन दिवसांच्या आत रुग्णाला खांदा बाजूला उचलायला आणि बोटे सरळ करायला सांगतात आणि त्यातली ताकद मोजतात. ती बरी असेल तर हात चांगला सुधारण्याची शक्यता मोठी. ताकद अगदी कमी असेल तर टीएमएसचा ठोका देऊन मनगटाच्या स्नायूपर्यंत संदेश पोहोचतो का ते पाहतात. पोहोचत असेल तर वाट शिल्लक आहे. या पद्धतीने सुमारे चारपैकी तीन रुग्णांचा अंदाज बरोबर येतो. पहिली पायरी कोणत्याही यंत्राविना करता येते. म्हणून रुग्णालयात असतानाच नातेवाइकांनी फिजिओथेरपिस्टला विचारावे, "खांदा आणि बोटांची ताकद किती आहे? लिहून द्याल का?" तीन महिन्यांनी तोच कागद तुलनेला उपयोगी पडतो.

होकार देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा : डोक्यात काही धातू आहे का? कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या रक्तवाहिनीवरची क्लिप, मेंदूत बसवलेली तार, छातीतला पेसमेकर, यांपैकी काहीही असेल तर आधी सांगावे. फिट येण्याचा इतिहास, गर्भारपण आणि रोजचे दारूचे प्रमाणही लपवू नये. टीएमएसने फिट येणे फार दुर्मीळ आहे, पण तो त्यातला सर्वात गंभीर धोका आहे. काही औषधे हा धोका वाढवतात, काही परिणाम बोथट करतात. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत आणि कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. डोके दुखणे आणि केसांखालच्या कातडीला टोचल्यासारखे वाटणे हे नेहमीचे, तात्पुरते त्रास. कानात बोळे घालायला देत नसतील तर मागून घ्यावेत, कारण 'टक्'चा आवाज वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. केसांचे चाप आणि कानातले घरीच काढून ठेवावे.

दुसरा प्रश्न डॉक्टरांना : "आमच्या रुग्णाची तीव्रता कशी ठरवणार?" योग्य पद्धतीत प्रत्येकाचा उंबरठा वेगळा मोजतात. दहा ठोक्यांपैकी किमान पाच ठोक्यांना अंगठा हलेल अशी सर्वात कमी तीव्रता शोधतात आणि त्यावरून मात्रा ठरवतात. मोजपट्टी घेऊन डोके मापणे, टोपीवर खूण करणे, अंगठ्याकडे टक लावून पाहणे हे सगळे पहिल्या दिवशी दिसायला हवे. सगळ्यांना एकच आकडा लावून यंत्र सुरू होत असेल तर थांबावे.

तिसरा प्रश्न : "बैठकीनंतर लगेच सराव कोण घेणार?" उत्तर मिळाले नाही तर वाफशाची गोष्ट आठवावी.

चौथा : "किती बैठकांनंतर आणि कोणत्या मोजमापाने थांबायचे ठरवणार?" थीटा बर्स्टचा परिणाम माणसागणिक बदलतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात पन्नासहून अधिक निरोगी माणसांवर तो देऊन पाहिला, तेव्हा काहींमध्ये अपेक्षित बदल झाला, काहींमध्ये उलटा, आणि सरासरी जवळपास शून्यावर आली. म्हणून प्रत्येक रुग्णाचे आधीचे आणि नंतरचे मोजमाप कागदावर हवे.

पाचवा : "हा उपचार आहे की संशोधन?" संशोधन असेल तर त्याची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत हवी. २००९ पासून ती बंधनकारक आहे. सीटीआरआयने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. चाचणीत भाग घेणे ही चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी संमतिपत्र मराठीत वाचून समजलेले असावे.

शेवटचा हिशेब जाण्यायेण्याचा. पैठण किंवा कन्नडहून रोज पन्नास-साठ किलोमीटर येऊन वीस-तीस बैठका करायच्या तर रुग्णासोबत एक माणूस महिनाभर अडकतो. एसटीत पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत आणि महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, तो वापरावा. तरीही अर्ध्यात सोडलेल्या बैठकांचा खर्च वाया जातो, म्हणून पूर्ण महिन्याची सोय आधी लावून मगच सुरुवात करावी.

घरातली पेरणी

लकवा झाल्यावर गावाकडे अजूनही कबुतराच्या रक्ताने मालीश करायला सांगणारे भेटतात. त्याने मेंदूत काही होत नाही. तेलाने हलके मालीश केले तर कातडीला बरे वाटते, पण दुसऱ्याने हात हलवून दिल्याने मेंदू फारसे शिकत नाही. शिकतो तो स्वतःच्या प्रयत्नाने, आणि तोही खऱ्या कामातून.

ताटात पसाभर ज्वारी घ्यावी आणि दुखऱ्या हाताने एकेक खडा निवडावा. परातीत मळलेल्या पिठाचा गोळा दाबून भाकरी थापायचा प्रयत्न करावा. चिमट्याने दोरीवर रुमाल अडकवावा. डब्याचे झाकण फिरवावे, सदऱ्याची बटणे लावावीत. रोज ठरलेल्या वेळी, थकवा येईपर्यंत, आणि आकडा लिहून : आज दहा बटणे, उद्या बारा. पहिले तीन महिने सर्वात मोलाचे. पण घाईही नको. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, आघातानंतर २४ तासांच्या आतच फार जोरात उठवून चालवलेल्या रुग्णांचा निकाल कमी चांगला आला. पहिल्या दिवसांत डॉक्टर सांगतील तेवढेच करावे.

ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी वर उचलली जातात, त्यांच्यासाठी एडवर्ड टाउब यांच्या संशोधनातून आलेली एक पद्धत आहे : चांगल्या हातावर हातमोजा घालायचा आणि कामे दुखऱ्या हातानेच करायची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकला. ही पद्धत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करावी, कारण तोल जाणाऱ्या रुग्णाचा आधाराचा हात बांधून ठेवणे धोक्याचे ठरते. शहरात एमजीएमचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या ओपीडीत जाऊन घरी करायचा सराव शिकून घ्यावा आणि दर पंधरा दिवसांनी तो तपासून घ्यावा.

झोप आणि चालणे यांनाही उपचारच मानावे. दिवसा शिकलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग सुमारे दोन टक्के वाढला, तर नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा आक्रसला. सिद्धार्थ उद्यानात सकाळी फेरी मारायला यंत्र लागत नाही.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनाही एक गोष्ट सांगायला हवी. एकाग्रता वाढवण्याचा दावा करणारे प्रवाहाचे हेडबँड ऑनलाइन मिळतात. २०१३ मध्ये ऑक्सफर्डमधील टेरेझा युकुलानो आणि रॉय कोहेन कादोश यांनी नव्या अंकचिन्हांचा अभ्यास करणाऱ्यांना प्रवाह दिला. एका जागी दिला तर शिकणे जलद झाले, पण शिकलेले सहज वापरणे मंदावले. दुसऱ्या जागी दिला तर नेमके उलटे घडले. एका क्षमतेला दिलेले दुसऱ्या क्षमतेकडून वळते झाले. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनीच खुले पत्र लिहून घरच्या घरी प्रवाह वापरणाऱ्यांना सावध केले. विशीतल्या निरोगी मेंदूवर असा प्रयोग करू नये. रात्री दोनपर्यंत जागण्याऐवजी सात तास झोपावे.

ज्या घरात लकव्याचा किंवा औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्याचा रुग्ण आहे, त्यांनी पहिल्या भेटीला जाताना चार गोष्टी न्याव्यात : डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा अहवाल, गोळ्यांची पाकिटे आणि घरच्या सरावाची वही. आणि लकव्याच्या रुग्णासाठी टीएमएसची वेळ मागण्यापूर्वी फिजिओथेरपीची वेळ मागावी. ती ठरली की टीएमएसची बैठक तिच्या बरोबर अर्धा तास आधी लावून घ्यावी.